गिरजाबाईचे बैल आणि तिसरा अंक

बैल काही स्टेजवर चढेनात. दोन शिपाई पुढून ओढत होते, मी मागून ढकलत होतो, आणि मधोमध उभे राहून आमचे मालक शिवलिंगअप्पा ओरडत होते, "अरे चढवा की! बैल हायत का वाघ हायत?" शिपाई म्हणजे आमचेच नट. हातात बेगड चिकटवलेले लाकडी भाले. बैलांनी त्या भाल्यांकडे एकदा पाहिलं आणि पाय रोवून उभे राहिले. त्या घटकेला तिथे अक्कल होती ती फक्त त्या दोघांनाच, असं माझं आजही मत आहे.

मी नागोराव. परभणीच्या एका लहान नाटक कंपनीत स्टेज मॅनेजर होतो. पोलीस अ‍ॅक्शनच्या आठ-दहा वर्षं आधीची, निजामी अमलातली ही गोष्ट. स्टेज बांधायचं, पडदे टांगायचे, वेळेवर वर-खाली करायचे, आणि मुक्काम हलला की सगळं गुंडाळून गाड्यांत भरायचं, हे माझं काम. लोक मला पडदे-मास्तर म्हणत. नट भाषण विसरला तर विंगेतून, म्हणजे स्टेजच्या कडेच्या आडोशातून, प्रॉम्प्टर त्याला शब्द पुरवतो. पडदा चुकला तर सावरायला कोणी नसतं.

आमची कंपनी नवी नाटकं बसवायची. याचं कारण फार थोर नव्हतं. जुनी गाजलेली नाटकं करायला गाणारे नट लागतात, आणि आमच्याकडे गाणारे म्हणजे एक अप्पा. तेही वरच्या पट्टीत गेले की मागची कुत्री साथ करायची. म्हणून नवं नाटक. ते लिहायचे दिगंबर मास्तर. सरकारी शाळेत नोकरीला होते, त्यामुळे नाव छापायचं नाही ही त्यांची अट. दसरा झाला की रजा काढून कंपनीबरोबर फिरायचे.

नवं नाटक कागदावर पुरं होत नाही. ते गावोगाव घडतं. मास्तर विंगेत स्टुलावर बसून नाटकाकडे न बघता लोकांकडे बघायचे. लोक कुठे खोकतात, कुठे पान थुंकायला उठतात, कुठे बाया पदर डोळ्याला लावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सीन बदललेला असायचा. नटांनी शिव्या घालत नवं पाठ करायचं. अशी पाच-सात गावं झाली की नाटक तयार. ही पद्धत चांगली होती, आजही मी तिला नावं ठेवणार नाही.

त्या वर्षीचं नाटक वेठीवर होतं. वेठ म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. पाटलाने, देशमुखाने किंवा एखाद्या अंमलदाराने हुकूम सोडायचा आणि गरिबाने आपले हात, आपली गाडी, आपले बैल फुकट आणून उभे करायचे. सरकारी हुकमाने ती केव्हाच बंद झाली आहे असं सगळे म्हणत. म्हणणारे बहुतेक वेठीच्या गाडीत बसून म्हणत. पण असं सरळ लिहिलं तर परवानगी कोण देणार? तेव्हा परवानगीशिवाय चार माणसं जमवायची चोरी होती. म्हणून मास्तरांनी कनकपूर नावाचं राज्य काढलं. पाटलाच्या जागी दुष्ट प्रधान, तहसीलदाराच्या जागी भोळा राजा. प्रधान एका गरीब शेतकऱ्याचे बैल ओढून नेतो, आणि शेवटी वेष पालटून फिरणारा राजा ते परत आणून देतो, बैलांच्या गळ्यात हार घालून. शेतकरी अर्थात अप्पा.

आता पुढचं ऐका. या नाटकाचं सामान, सगळे पडदे, बांबू, पेट्या, पूर्णेच्या स्टेशनावरून आम्ही त्या गावी नेलं ते वेठीच्या गाड्यांतून.

गाव ताडकळसच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, पाटलाचे नातू अजून तिथेच राहतात. तिथल्या पाटलाला नाटकाचं वेड होतं. त्याने अप्पांना निरोप धाडला होता, "या, सगळा बंदोबस्त माझा." बंदोबस्त म्हणजे स्टेशनावर उभ्या असलेल्या तीन गाड्या. मला वाटलं भाड्याच्या असतील. दोन गाड्यांवर म्हातारे गडी होते, तिसरीवर एक बाई. पस्तिशीची असेल. मोठ्या पडद्यांची लाकडी पेटी मी चढवायला लागलो तर तिने गाडीवरून उतरून दुसरं टोक उचललं. मी म्हणालो, "बाई, राहू द्या, गडी येतील." ती म्हणाली, "गडी हाय कुठं? बिगीबिगी भरा, मला माघारी जायचंय."

तिचं नाव गिरजाबाई. पाटलाच्या गावापासून दीड कोसावर एक वाडी होती, तिथली. नवरा मागेच गेलेला. पदरी दोन लहान लेकरं, थोडं काळं रान आणि ही एक लाल कंधारी जोडी. हौश्या आणि मोत्या. जोडी अशी देखणी की स्टेशनमास्तर बाहेर येऊन बघून गेला. तिथेच घात झाला.

गावात सामान उतरलं. दोन गाड्या सुटल्या. तिसरी सुटेना. अप्पा त्या बैलांभोवती फिरायला लागले. अप्पा मूळचे कापडवाले. गिऱ्हाईक होताना माणूस जसा कापड चिमटीत धरून बघतो तसा त्यांनी हौश्याचा कान धरून बघितला आणि म्हणाले, "नागोराव, तिसऱ्या अंकात खरे बैल आणायचे."

तिसरा अंक आमचं दुखणं होतं हे खरं. बैल ओढून नेण्याचा सीन त्यातच होता आणि तो पडत होता. मागच्या तिन्ही गावांत लोक नेमके तिथेच पान थुंकायला उठले. बैल आत आहेत असं समजायचं आणि विंगेतून एक जण हंबरायचा. अप्पा छाती पिटून बोलायचे, "हे निर्दय प्रधाना, वृषभ हे माझे पंचप्राण!" कुठला शेतकरी बैलाला वृषभ म्हणतो?

"अप्पा, फळ्यांवर बैल चढवले तर फळ्या मोडतील," मी म्हणालो.

"मातीचं स्टेज कर. उतरण काढ. पुढून, लोकांतून. शिपाई बैल घेऊन लोकांच्या मधून जातील! आजवर कोण्या कंपनीनं केलं न्हाई असं."

"गॅसबत्तीच्या आवाजानं बुजतील."

"मंग खेळ दुपारी. परवा बाजार हाय, लोक मायंदाळ. आन तहसीलदार साहेबाला बी दिवस मावळायच्या आत जायचंय."

तहसीलदार साहेब येणार होते, हा मोठा मुद्दा होता. नाटक ते स्वतः बघणार, आणि पसंत पडलं तरच आम्हाला पुढे तालुक्यात फिरायची परवानगी. त्यामुळे अप्पांच्या डोक्यात त्या दिवसांत बाकी काही शिरतच नव्हतं.

गिरजाबाई गाडीच्या जुवाशी उभी राहून हे ऐकत होती. ती पुढे आली. बोलणं आर्जवाचं होतं, पण मान खाली नव्हती.

"मालक, मला सोडा. हस्ताचा पाऊस आत्ता साधलाय, रानात वापसा आलाय."

वापसा म्हणजे पावसानंतर काळं रान जरा सुकतं, पाय रुतत नाही आणि आत ओल धरून असते, ती वेळ. शाळू पेरायची वेळ तीच. चार दिवसांत उरकलं तर उरकलं. ऊन वर आलं की ओल खाली जाते आणि बी नुसतं मातीत पडून राहतं.

अप्पा म्हणाले, "दोन-तीन दिवसांनी काय बिघडतंय बाई?"

तेव्हा ती बोलली. ते शब्द मला अजून पाठ आहेत, आणि का पाठ आहेत ते पुढे कळेल. ती म्हणाली, "मालक, बैल काय, आज न्हाई तर उद्या सोडताल. गेलेली ओल कोण माघारी देतंय? बी घरात हाय, तिफण दारात हाय, आन बैल तुमच्या दारात बांधलेत. तिफणीला मी काय लेकरं जुंपू?"

अप्पा पुन्हा हौश्याकडे वळले. दोन पावलं मागे दिगंबर मास्तर उभे होते. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

मी पाटलाकडे गेलो. पाटील ओसरीवर पानाला चुना लावत होता. मी सांगितलं, बाईची पेरणी खोळंबली आहे, बैल सोडा, दुसरी एखादी जोडी बघू. पाटील हसला.

"पडदे-मास्तर, तुमाला तकलीफ काय हाय? जोडी ऐटदार हाय, साहेब खूश व्हतील."

"पण ही वेठ झाली, पाटील."

"वेठ कोण म्हणतंय? पाहुणचार हाय. गावचे पाहुणे तुमी. तिचा नवरा असता तर त्याला बलावलं असतं. न्हाई म्हणून तिला बलावलं." आणि त्याने आपला एक माणूस कंपनीच्या तळावर बैल राखायला बसवला. बैल चोरीला जाऊ नयेत म्हणून, असं वर मलाच सांगितलं.

त्या माणसाने बैल राखले कोणापासून, तर बैलांच्या मालकिणीपासून. माझं डोकं फिरलं. परत येऊन अप्पांना म्हणालो, "आपण वेठीवर नाटक करतोय आणि वेठीचेच बैल त्यात आणतोय. लाज वाटते का कोणाला?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "नागोराव, नाटक गाजलं तर वेठ बंद व्हायला मदत व्हईल. एका बाईच्या पेरणीसाठी एवढं मोठं काम अडवायचं का?"

असं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. चोराशी भांडता येतं. थोर कामाला निघालेल्या माणसापुढे आपलीच बोलती बंद होते, आणि त्याचा संताप जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी रंगीत तालीम, म्हणजे कपडे, रंग, सामान सगळं लावून केलेली शेवटची तालीम. मातीचा ओटा, पुढची उतरण आणि बैल वर घ्यायला मागची उतरण गावकऱ्यांनी बांधून दिली होती. कशी दिली असेल ते सांगायला नको. तेव्हाच हे बैल चढेनात प्रकरण. ओढलं, ढकललं, गूळ दाखवला. हौश्याने एका शिपायाचा भाला शिंगाने दोन तुकडे केला. शेवटी अप्पा म्हणाले, "त्या बाईला बलवा."

गिरजाबाई आली. तिने त्या शिपायांना बाजूला व्हा म्हणून हातानेच सांगितलं, विंगेत जाऊन उभी राहिली आणि नुसतं म्हणाली, "ये बाबा हौश्या. मोत्या, ये." बैल मुकाट्याने मागची उतरण चढून वर आले. मग ठरलं की दुसऱ्या दिवशीच्या खेळात बाईने विंगेत उभं राहायचं. बैल वर घ्यायचे, कासरा शिपायांच्या हातात द्यायचा, शिपाई पुढच्या उतरणीवरून लोकांमधून बैल नेतील आणि कनातीला वळसा घालून मागे आणून पुन्हा बांधतील. बाईला कोणी विचारलं नाही.

अप्पा मधोमध आले आणि तिसऱ्या अंकाचं नवं भाषण म्हणायला लागले. "प्रधानजी, बैल काय, आज ना उद्या सोडाल. गेलेली ओल कोण माघारी देतंय?"

मी विंगेत दोरीजवळ होतो. माझ्या हातून दोरी निसटता निसटता राहिली. मास्तर समोर बसून मान डोलवत होते. तिचं बोलणं त्यांनी शब्द न् शब्द उचललं होतं. ओल, बी, तिफण, लेकरं, सगळं. वृषभ गेले होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सीन उभा राहत होता. मेलेला तिसरा अंक त्या एका भाषणाने जिवंत झाला. जो तो म्हणायला लागला, व्वा मास्तर, काय लिहिलंय!

मी मास्तरांना बाजूला घेतलं. "मास्तर, हे तिचे शब्द आहेत."

"लेखक समाजातूनच घेत असतो, नागोराव."

"घेतलेत ना? मग आता बैल तरी तिला द्या."

मास्तरांनी चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता. पण चष्मा फार वेळ पुसायचा.

गिरजाबाई विंगेत उभी राहून आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकत होती. तालीम संपल्यावर तिने मला एवढंच विचारलं, "ह्यांचं खरं कधी व्हायलंय?" मी म्हणालो, उद्या दुपारी. तिने वर आभाळाकडे पाहिलं. लख्ख ऊन होतं. पेरणीच्या दिवसांत तसलं ऊन शत्रूलाही नको.

बाजाराच्या दिवशी कनात भरून गेली. पुढे दोन खुर्च्या, एकीवर तहसीलदार साहेब, शेजारी पाटील. मागे सगळं गाव आणि बाजाराला आलेल्या आसपासच्या वाड्या, मांडीला मांडी लावून. दिवसा खेळ म्हणजे आमच्या पडद्यांची ठिगळं उघडी पडत होती, पण लोकांना त्याचं काही नव्हतं. पहिले दोन अंक बरे गेले. अप्पांचा टोप वाऱ्याने एकदा तिरका झाला तेवढं सोडलं तर.

तिसरा अंक लागला. गिरजाबाईने हाक मारली आणि हौश्या-मोत्या मागची उतरण चढून वर आले. शिंगं रंगवलेली, अंगावर झूल. कनातीत एकदम आवाज झाला. बाजारात आलेल्या वाडीच्या लोकांनी जोडी ओळखली. "आरं, ही तर गिरजेची जोडी!" असं दोन-तीन ठिकाणी ऐकू आलं. शिपायांनी कासरा धरला. अप्पांनी गुडघे टेकले आणि भाषण सुरू केलं.

खोटं बोलणार नाही, अप्पांनी ते चांगलं म्हटलं. "तिफणीला मी काय लेकरं जुंपू?" म्हणताना त्यांचा आवाज खरंच फुटला. बायांच्या बाजूला रडणं ऐकू आलं. मग टाळ्या. आणि मग तो घोष, "वन्स मोअर!"

वन्स मोअर ही नाटकातली जुनी खोड. लोकांना गाणं किंवा भाषण आवडलं की ते ओरडतात, आणि नट जिथून सुरुवात केली तिथे परत जाऊन सगळं पुन्हा म्हणतो. तोवर स्टेजवरचे बाकीचे जसेच्या तसे उभे राहतात. एकदा तर मी मेलेल्या राजाला उठून गाताना पाहिलं आहे. तहसीलदार साहेबांनीही हात वर केला आणि आपल्या उर्दूत तेच म्हणाले, "मुकर्रर! मुकर्रर!" झालं. अप्पा उठले, टोप नीट केला, परत गुडघ्यावर बसले आणि पहिल्यापासून सुरू झाले. डोळ्यांतलं पाणीसुद्धा पुन्हा काढलं.

माझ्या शेजारी गिरजाबाई उभी होती. ती विंगेच्या कडेपर्यंत सरकली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही, पण विंग लहान असते, कळतं. अप्पा दुसऱ्यांदा "बी घरात हाय" वर पोहोचले आणि ती चालायला लागली. सरळ स्टेजवर.

तिने पदर खोचला होता. अप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि घरात बोलतात तशा आवाजात म्हणाली, "झालं का तुमचं?"

अप्पा मुरलेले नट. त्यांनी भाव न सोडता ओठांतल्या ओठांत म्हटलं, "बाई, आत जा." प्रॉम्प्टर "आत, आत" करत होता. ती तोवर शिपायांकडे वळली होती. कासरा ज्याच्या हातात होता त्या नटाला ती म्हणाली, "सोड."

त्या पोराने माझ्याकडे पाहिलं. स्टेजवर काही बिघडलं की सगळे पडदे-मास्तराकडेच बघतात. मी मान हलवली. त्याने कासरा सोडला.

आता अप्पांच्या ध्यानात आलं. त्यांनी विंगेकडे तोंड फिरवून दात-ओठ खात म्हटलं, "ड्रॉप टाक! नागोराव, ड्रॉप टाक!" ड्रॉप म्हणजे अंक संपल्यावर पडणारा पुढचा पडदा. त्याची दोरी माझ्या हातात होती. ती सोडली असती तर पडदा पडला असता, बाई आणि बैल पडद्याच्या आत राहिले असते, आणि मागच्या बाजूला पाटलाचा माणूस बसलेलाच होता. त्या कंपनीत मी आल्यापासून पडद्याची खूण एकदाही चुकवली नव्हती. दोरी मी मनगटाला गुंडाळली आणि उभा राहिलो.

"ड्रॉप टाक म्हणतोय न्हवं!"

"टाकत नाही," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. पुढच्या चार रांगांना ऐकू गेलं असेल.

गिरजाबाई बैल घेऊन पुढच्या उतरणीवरून खाली उतरली. तीच उतरण, अप्पांनी हौसेने काढायला लावलेली. बसलेल्या लोकांनी पाय आत घेतले, बायांनी लेकरं मांडीवर ओढली, आणि मधे बैलांपुरती वाट झाली. गावाला सगळं माहीत होतं. फक्त एका माणसाला माहीत नव्हतं.

पाटील खुर्चीतून अर्धा उठला होता. त्याचं तोंड लाल झालं होतं. साहेबांनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "बैठिए पाटील साहब, बैठिए! क्या सीन है! बिलकुल असली मालूम होता है!" पाटील काय सांगणार? हे नाटक नाही, ही बाई खरंच बैल घेऊन चालली आहे, आणि तिचे बैल मी आणून बांधले होते? तो खाली बसला. कनातीच्या दाराशी त्याचा एक माणूस होता. त्याने पाटलाकडे पाहिलं. पाटलाने जमिनीकडे पाहिलं. गिरजाबाई बाहेर पडली.

मग मी ड्रॉप टाकला.

खेळानंतर साहेब मागे आले. अप्पांचा हात हातात घेऊन म्हणाले, परवानगी आहे, जरूर फिरा. आणि ती औरत कोण? अप्पांनी क्षणभरही न अडखळता सांगितलं, "आमच्या कंपनीतली नवी नटी हाय, हुजूर." मी तिथेच उभा होतो. हातातली दोरी त्यांच्या गळ्यात घालावी असं मला खरंच वाटलं.

साहेब गेल्यावर अप्पा माझ्यावर ओरडतील अशी माझी तयारी होती. ते ओरडलेच नाहीत. खुशीत होते. म्हणाले, "नागोराव, चुकून का व्हयना, काय सीन झाला! तिला कंपनीत घेऊ. दर मुक्कामाला असंच." मास्तर पेटीवर बसून लिहायला लागले होते. मी तिथून उठून गेलो.

तिची गाडी आमच्या तळावरच राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि ते दोन शिपाई नट, तिघांनी जू खांद्यावर घेतलं आणि गाडी ओढत वाडीवर नेली. वाटेत लोक हसले. हसू दिलं. दीड कोस गाडी ओढली की बैल काय करतो ते चांगलं कळतं.

ती रानात होती. तिफण चालू होती, मोठी लेक मागे चाड्यावर मूठ धरून बी सोडत होती. आम्हाला बघून ती थांबली नाही. तास, म्हणजे तिफणीची ओळ, पुरं केलं, बांधाशी आली, बैल उभे केले. मी विचारलं, ओल आहे का? तिने वाकून मूठभर माती उचलली आणि माझ्या हातावर ठेवली. वरची कोरडी होती, आतली जेमतेम ओलसर. खालच्या अंगाचं रान साधेल, वरच्या अंगाचं हुकलं, हे मला शेती न करताही कळलं. तसंच झालं. निम्मा शाळू उगवला, निम्म्यात बी मातीत मेलं. आणि पाटलाने पुढे तिला सुखाने राहू दिलं असंही नाही.

मी म्हणालो, "बाई, आमच्यामुळं झालं." त्यावर तिने मला एक वाक्य ऐकवलं. फक्त एक. मग बैलांना हाक घातली आणि पुढचं तास धरलं.

तळावर आल्याआल्या दिगंबर मास्तर धावत आले. हातात पेन्सिल होतीच. "काय म्हणाली? नागोराव, काही म्हणाली का ती?"

"काही नाही," मी म्हणालो.

"काहीतरी म्हणालीच असेल."

"गाडी तिथे ठेवा म्हणाली."

मास्तरांनी ते लिहून घेतलं नाही.

नाटक खूप चाललं. परभणी, जिंतूर, सगळीकडे. गिरजाबाईचा पार्ट लुगडं नेसून एक नट करायचा. भाषणाला रोज वन्स मोअर. मी मात्र जिंतूरच्या मुक्कामाआधीच अप्पांना सांगून टाकलं की सामान वेठीच्या गाडीत चढणार असेल तर ते बांधणारा माणूस दुसरा बघा. पडदे बांधायला दुसरं कोणी येत नव्हतं. अप्पा बडबडले, फुकटच्या गाड्यांच्या नावाने रडले आणि कबूल झाले. गाड्या भाड्याच्या करायच्या तर जास्त परवडेनात. मग मी पडदे कमी केले. राजवाडा काढला, उपवन काढलं, नदी काढली. तीन उरले, तेही आम्ही वेळप्रसंगी खांद्यावर नेण्यासारखे. एकाही गावात कोणी विचारलं नाही की नदी कुठे गेली. एवढा एक धडा या धंद्याने मला शिकवला. जे सामान आपल्याला उचलत नाही, ते बहुतेक वेळा नाटकाला लागतही नाही.

ती बांधावर काय म्हणाली ते लोक मला अजून विचारतात. मी अप्पांना सांगितलं नाही, मास्तरांना सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही. वाक्य फार चांगलं आहे. तुम्ही टाळ्या वाजवाल.